लो ब्रास मागे का पडतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना, हे कळेल. हौशी बँड, तालीम आठवड्यातून एकदा. मागच्या रांगेत लो ब्रास, म्हणजे खालच्या सुरांची पितळी फुंकवाद्यं: तीन ट्रोम्बोन, त्यातला एक बास ट्रोम्बोन, शेजारी युफोनियमवर (ट्यूबाच्या लहान भावंडावर) तुम्ही आणि कडेला दोन ट्यूबा. घरी प्रत्येक जण मेट्रोनोमवर (ठोके देणाऱ्या यंत्रावर) नीट वाजवतो, पण एकत्र बसलात की कंडक्टर थांबवून म्हणतात, ‘लो ब्रास, मागे पडताय.’ मार्चमधले ऑफबीट, म्हणजे दोन ठोक्यांच्या मधले स्वर, विस्कटतात, संथ भागातले लांब स्वर आणखी लांबतात. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: पायानं ठेका धरावा का, कुणा एकानं पुढाकार घ्यावा का, आणि दुसरा ट्यूबावाला कायम उशिरा येतो, त्याचं काय करायचं.

मी बावीस वर्षं ट्यूबा वाजवतेय आणि त्यातली पहिली चार दुसऱ्या ट्यूबाच्या खुर्चीवर काढलीत. त्यामुळे तिसरा प्रश्न वाचून जरा टोचलं. त्याच्याकडे शेवटी येते.

आधी एक सांगते. घरी प्रत्येकाला जमतंय, म्हणजे मोजणं तुम्हाला येतंय. एकत्र बसल्यावर बिघडतं ते वाट पाहण्यामुळे. प्रत्येक जण शेजाऱ्याचा स्वर कानावर पडेपर्यंत कणभर थांबतो आणि खात्री झाली की आपला स्वर सोडतो. शेजारीही तेच करत असतो. दारात दोघं ‘तुम्ही आधी, तुम्ही आधी’ करत उभे राहतात, तसे सहा जण दर ठोक्याला दारात उभे. कुणीच मुद्दाम हळू वाजवत नाही, तरी लय खाली घसरते. ‘एकमेकांना ऐका’ हा सल्ला चांगला असला तरी त्याचा हा उलटा परिणाम नवख्या रांगेत हमखास दिसतो.

तुमची खोली, खुर्च्यांची मांडणी, कंडक्टरच्या हाताची स्पष्टता आणि ड्रमवाल्यांची पकड यातलं काहीच मी पाहिलेलं नाही. घुमणाऱ्या हॉलमध्ये आणि पडदे लावलेल्या खोलीत एकच रांग वेगळी ऐकू येते. मोठा ड्रमच मागे पडत असेल तर ब्रासवर कितीही मेहनत घेतली तरी व्यर्थ. तेव्हा माझं म्हणणं तुमच्या खोलीत पारखून घ्या.

आता थोडं गणित. २० अंश सेल्सिअसला आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. तुम्ही पुढच्या क्लॅरिनेटपासून १० मीटर मागे असाल तर त्यांचा आवाज तुमच्यापर्यंत यायला साधारण २९ मिलिसेकंद लागतात. तुम्ही तो ऐकून अगदी तंतोतंत जुळवून वाजवलंत, तर तुमचा आवाज पुढे जायला आणखी २९. म्हणजे कंडक्टरच्या कानी तुम्ही क्लॅरिनेटच्या जवळजवळ ५८ मिलिसेकंद मागे. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा आणि त्याचा चौथा भाग १२५ चा. त्या चौथ्या भागातला निम्मा वेळ नुसत्या ये-जा करण्यात गेला आणि तुमच्या कानाला मात्र सगळं जुळलेलं वाटतंय! कंडक्टरचा हात बघून वाजवलंत तर एकच फेरी उरते, कारण हात दिसायला वेळ लागत नाही. पुढून येणाऱ्या आवाजाशी मागच्या रांगेनं जुळवू नये, असं मी सांगते ते याच कारणानं. डोळे हातावर ठेवा आणि कान मागे किंवा शेजारी, म्हणजे ड्रमकडे. मागून येणारा आवाज तुमच्यावरून पुढे जातो आणि तुमचा आवाजही त्याच दिशेनं जात असतो, म्हणून ते दोन्ही पुढे पोचताना बरोबर पोचतात.

दुसरं कारण वाद्यातच आहे. बी-फ्लॅट ट्यूबाची नळी उलगडली तर साधारण साडेपाच मीटर भरते, ट्रोम्बोनची जेमतेम पावणेतीन. ओठ थरथरायला लागले की ती थरथर बेलपर्यंत (वाद्याच्या रुंद तोंडापर्यंत) जाऊन परत येते आणि मग ओठांना वाद्याचा आधार मिळतो. ट्यूबात ही एक ये-जा सुमारे ३२ मिलिसेकंदांची आहे, आणि स्वर स्थिर व्हायला अशा काही फेऱ्या व्हाव्या लागतात. शिवाय खालच्या बी-फ्लॅटची कंपनं सेकंदाला अठ्ठावन्नच्या आसपास, म्हणजे एकेक कंपन १७ मिलिसेकंदांचं. त्यामुळे ट्यूबाचा स्वर ट्रोम्बोनच्या मानानं उशिरा ‘बोलतो’. यावर ‘मग ठोक्याच्या आधी वाजवा’ असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. मुरलेल्या वादकाला तो लागू पडतो. हौशी रांगेला मी तो देत नाही, कारण ‘जरा आधी’ म्हणजे किती, यावर सहा जणांची सहा मतं होतात आणि पुढच्या आठवड्यात तीच रांग धावायला लागते. मी एवढंच सांगते, की जिभेचा ‘त’ ठोक्यावर स्पष्ट पडू दे आणि त्याच्या मागे हवा आधीच तयार असू दे. जोर वाढवायचा नाही. पुष्कळदा ट्यूबावाले बोजड वाजतात, कारण ‘त’ ऐवजी ‘हू’ म्हणून स्वर सुरू करतात आणि मग आवाज फुगत फुगत येतो.

आता श्वास. इथे मी रेंगाळणार आहे, कारण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त गोंधळ इथेच असतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या रांगेची अशीच तक्रार होती. मी फोन माझ्या खुर्चीखाली ठेवून तालीम रेकॉर्ड केली. घरी ऐकताना वाजवलेल्या स्वरांपेक्षा त्यांच्या आधीच्या जागेत जास्त मजा होती. चार बारांच्या (बार म्हणजे इथे चार ठोक्यांचा एक गट) शांततेनंतर आमचा प्रवेश होता. त्याआधी एक श्वास ऐकू आला, मग दुसरा, मग खुर्चीची करकर, मग दोन श्वास घाईघाईत, आणि शेवटचा श्वास तर प्रवेशाच्या ठोक्यावरच. तो माझा होता. मी तोपर्यंत सगळ्यांना लयीबद्दल ऐकवत होते. आत घ्यायची हवाच सहा वेगवेगळ्या वेळी सुटली, तर बाहेर पडणारी एकत्र कशी येईल?

तेव्हापासून आमचा नियम असा, की श्वासही पार्टमधलाच (आपल्या वाद्याच्या लिहिलेल्या ओळीतलाच) एक स्वर आहे. प्रवेश पहिल्या ठोक्यावर असेल तर आधीच्या बारच्या चौथ्या ठोक्यावर सगळ्यांनी मिळून श्वास घ्यायचा, लयीच्याच वेगानं. लय जलद असेल तर तिसऱ्यापासूनच. श्वास भरून झाला की वर अडवून धरायचा नाही. झोपाळा वर जाऊन जसा आपसूक परततो, तशी हवा आत येऊन लगेच बाहेर वळली पाहिजे. ते अडवून धरणं कानाला कळत नाही, पण लय तिथेच अडखळते. शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रात १९४४ ते १९८८ ट्यूबा वाजवणारे अर्नोल्ड जेकब्ज आपली सगळी शिकवण गाणं आणि वारा या दोन शब्दांत सांगत. आधी मनात सूर गा आणि मग वारा सोडा. लयीलाही हेच लागू आहे. मनात गाताना माणूस सहसा मागे पडत नाही.

वाक्याच्या मधल्या श्वासाचा नियम याहून सोपा आणि तितकाच मोडला जाणारा. श्वासाचा वेळ आधीच्या स्वरातून कापून घ्यायचा, पुढच्या स्वरातून कधीच नाही. बहुतेक जण लांब स्वर शेवटपर्यंत धरतात, बारची रेघ आली की दचकून हवा घेतात आणि पुढचा स्वर उशिरा. सहाही जण त्याच रेघेवर दचकले की भोक पडतं आणि त्यानंतरचा बार ओढला जातो. पेन्सिल घेऊन बसा आणि कोण कुठे श्वास घेणार ते पार्टवर लिहा. दोन ट्यूबा असतील तर एकानं रेघेवर आणि दुसऱ्यानं त्यानंतरच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या ठोक्यावर घ्यावा. लांब स्वर नेमका कुठे सोडायचा, तेही तिथेच ठरवा. चार ठोक्यांचा स्वर पुढच्या बारच्या पहिल्या ठोक्याला बंद होतो. कुणी चौथ्यावर सोडतं, कुणी पुढच्या ठोक्याच्या पार जातं आणि कंडक्टरला ‘चिखल’ ऐकू येतो.

यासाठी एक सराव आहे, दिसतो वेडगळ पण फार उपयोगी. ओठ न थरथरवता फक्त हवा वाद्यातून फुंकत अख्खा पार्ट वाजवायचा. बोटं, स्लाइड (ट्रोम्बोनची सरकती नळी), जीभ, सगळं नेहमीसारखं. स्वर नसतो, नुसती ‘थ्श थ्श’ ऐकू येते. सूर लागतोय का, आवाज गोड येतोय का, या सगळ्या काळज्या बाजूला पडतात आणि लय उघडी पडते. आठ बार असे वाजवून लगेच तेच आठ बार खरे वाजवा. त्यानंतर तिसरी पायरी म्हणजे प्रत्येक स्वराचं फक्त तोंड वाजवायचं. चार ठोक्यांचा स्वर असला तरी टिचकीएवढा ‘तप्’ आणि उरलेले ठोके शांत. या शांततेत कोण मोजतंय आणि कोण दुसऱ्याच्या भरवशावर आहे, ते दोन मिनिटांत कळतं. कुणाचं नाव घ्यायची गरज पडत नाही.

ऑफबीटकडे वळू. मार्चमध्ये ट्यूबा ठोक्यावर आणि ट्रोम्बोन मधल्या जागेवर, हे नेहमीचं ‘हुं-पा’. ‘पा’वाले ट्यूबाचा ‘हुं’ ऐकून मग वाजवतात आणि उशिरा येतात. कंडक्टर रागावले की घाबरून धावतात. दोन्हीचं मूळ एकच, ते ‘पा’ला मागच्या ‘हुं’ला बांधतात. ‘पा’ पुढच्या ठोक्याकडे ढकलायचा असतो. तालमीत मी जागा बदलते. ट्रोम्बोननी ट्यूबाची ओळ वाजवायची आणि ट्यूबांनी ऑफबीट. आमची फजिती ऐकून ट्रोम्बोनवाल्यांना मनापासून आनंद होतो, तोही कामाचा आहे. परत आपापल्या जागी आल्यावर ट्रोम्बोनवाल्यांनी ठोक्यावर जीभ तोंडातल्या तोंडात हलवायची, आवाज न काढता, आणि मग ‘पा’ वाजवायचा. त्यांच्या दृष्टीनं प्रत्येक ठोक्याला त्यांनी काहीतरी केलेलं असतं, त्यामुळे मधली जागा अधांतरी राहत नाही.

तुमच्या रांगेत बहुधा हीही गडबड असेल. ठोक्याच्या तीन भागांचा लांब स्वर आणि एका भागाचा छोटा, ही डॉटेड जोडी. १२० च्या लयीत ती ३७५ आणि १२५ मिलिसेकंदांची हवी. ती ढिली पडली की ट्रिप्लेटच्या, म्हणजे ठोक्याच्या तीन समान भागांच्या, वळणावर जाते: साधारण ३३३ आणि १६७. फरक फक्त ४२ मिलिसेकंदांचा, पण सहांतले तीन एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला असले की एकही जोडी स्वच्छ ऐकू येत नाही. छोट्या स्वराला मागच्या लांब स्वराचं शेपूट समजू नका. तो पुढच्या स्वराचा आहे, त्याला चिकटवून वाजवा. एकानं ठोक्याचे चारही भाग मोठ्यानं मोजायचे आणि बाकीच्यांनी त्यावर ही जोडी हळू लयीत, साठवर वाजवायची. साठवर नीट बसली की मगच वाढवा.

ट्रोम्बोनवाल्यांसाठी थोडक्यात. संथ चालीत स्लाइडही संथ सरकवायची सवय लागते. स्वर पूर्ण होईपर्यंत हात जागेवर ठेवा आणि मग चटकन हलवा. पहिल्या पोझिशनवरून (स्लाइडच्या सगळ्यात आतल्या जागेवरून) सहाव्यावर, म्हणजे बी-फ्लॅटवरून वरच्या सी वर जाताना हात जवळजवळ पूर्ण लांब होतो. ट्रिगर (अंगठ्यानं दाबायची झडप) असेल तर तोच सी पहिल्या पोझिशनला मिळतो, जलद भागात तो वापरायला लाजू नका.

आता मेट्रोनोम. घरी तो प्रत्येक ठोक्यावर लावला की माणूस मेट्रोनोमची वाट पाहायला शिकतो, म्हणजे तोच रोग. त्याला दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर ठेवा, मग दोन बारांत एकदाच. काही ॲपमध्ये तो मधले काही बार गप्प राहू शकतो. दोन बार गप्प राहून परत वाजला आणि तुम्ही त्याच्यावर येऊन पोचलात, तर लय तुमच्या आत आहे. तालमीत स्पीकरवर लावायचा असेल तर तो रांगेच्या मागे ठेवा, पुढे नको. कारण वर सांगितलंच.

पायाचं म्हणाल तर पाय लय देत नाही, तो तुमच्यामागून येतो. तुम्ही अडखळलात की तोही अडखळतो आणि वर तुम्हालाच सांगतो की सगळं ठीक आहे. आमच्या रांगेच्या पायांचा एकदा व्हिडिओ काढला होता. पाच पाय, पाच वेगवेगळ्या लयी आणि एक पाय पूर्ण आरामात! बुटाच्या आत अंगठा हलवा, तेवढी मुभा मी देते. कार्यक्रमात आवाज होणार असेल तर तेवढंही नको.

पुढाकार हवाच, पण दोन प्रकारचा. लय पहिल्या ट्यूबाकडे द्या, कारण सगळ्यात खालचा स्वर आणि मोठा ड्रम जुळले की बाकीच्यांना टेकायला जमीन मिळते. प्रवेशाचा इशारा मात्र पहिल्या ट्रोम्बोनकडे, तो सगळ्यांना दिसतो. विश्रांतीचे बार असतील तर त्यानं दोन बार आधी वाद्य उचलायचं आणि सगळ्यांनी त्याच्याबरोबर. मोजणी मात्र प्रत्येकानं स्वतःची करायची, म्हणजे सोळा बारांची विश्रांती ‘एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार’ अशी मनात चालूच राहिली पाहिजे.

युफोनियमची तुमची जागा अवघड आहे. अर्धा वेळ तुम्ही ट्यूबाबरोबर असता आणि अर्धा वेळ वरच्या सुरावटीबरोबर. पार्टवर खुणा करून ठेवा, कुठे कुणाचं ऐकायचं ते. चाचणीसाठी इंग्रज संगीतकार होल्स्टच्या बँडसाठीच्या ई-फ्लॅटमधल्या पहिल्या सूटची (१९०९) शाकोन, म्हणजे तिचा पहिला भाग, घ्या. तिची आठ बारांची मूळ चाल सुरुवातीला युफोनियम आणि ट्यूबाच उघड्यावर वाजवतात, लपायला वरचं कुणी नसतं. पहिली तालीम तुम्ही आणि दोन ट्यूबा अशी तिघांनीच करा. एका बैठकीत कळेल, कोण कुणाची वाट पाहतंय.

आणि दुसरा ट्यूबावाला. आधी पाहा, त्याच्याकडे पहिल्यापेक्षा एक सप्तक खालचे स्वर आहेत का. असतील तर त्याचा स्वर मुळातच उशिरा बोलणार. एक तालीम त्याला पहिल्याच्याच सप्तकात वाजवू द्या आणि फरक पडतो का ते ऐका. तो रांगेच्या टोकाला बसत असेल तर जागा बदला. पहिल्या ट्यूबा आणि बास ट्रोम्बोनच्या मध्ये आला की त्याला दोन्ही कान वापरता येतील. मी त्या खुर्चीवर होते तेव्हा आमच्या पहिल्या ट्यूबावाल्यांनी मला एकच काम दिलं, आमच्या रांगेच्या तालमीत प्रत्येक भागाआधी एक रिकामा बार मोठ्यानं मोजून श्वास घ्यायचा. माझ्या आधी कुणीच वाजवत नसे, त्यामुळे वाट पाहायला माणूसच उरला नाही. पहिल्या दिवशी मी इतक्या हळू मोजलं की ट्रोम्बोनवाले हसले. तिसऱ्या आठवड्यात माझा आवाज आणि श्वास दोन्ही ठोक्यावर यायला लागले. तुमच्या दुसऱ्या ट्यूबावाल्यालाही हेच काम द्या. रेकॉर्डिंग ऐकवायचं असेल तर आधी तुम्ही दोघंच ऐका, सगळ्यांसमोर नको.